दुखणे पायाचे, धोका हृदयाला

आपल्या वस्तीत कोणी रुग्णालयात दाखल झाले की शेजारीपाजारी पहिला प्रश्न विचारतात, "काय झाले?" उत्तरही दोन शब्दांत मिळते. कोणाला दम लागला, कोणाच्या पित्ताशयात खडे झाले, कोणाच्या पायाची जखम चिघळली. माणूस ज्या दुखण्यासाठी खाटेवर पडला तेवढाच त्याचा आजार, असे आपण धरून चालतो. ते दुखणे थांबले, टाके निघाले, डिस्चार्ज कार्ड हातात पडले की प्रकरण मिटले असे घरच्यांना वाटते.

परंतु रुग्णसेवेच्या निमित्ताने सरकारी आणि महापालिकेच्या रुग्णालयांत जाणारा कार्यकर्ता केसपेपर वाचायला शिकला, की त्याला निराळेच चित्र दिसू लागते. दाखल होण्याचे कारण वेगवेगळे असते, पण तपासण्यांचे आकडे मात्र एकमेकांची नक्कल केल्यासारखे असतात. रक्तदाब वाढलेला, साखर वाढलेली, रक्तात चरबी वाढलेली आणि पोटाचा घेर सुटलेला. पायाच्या जखमेसाठी आलेल्या माणसाचा खरा धोका पायात नसून हृदयात वाढत असतो. या धोक्याची माहिती प्रत्येक घरात पोहोचली पाहिजे, म्हणून हा लेखनप्रपंच.

एका भगिनीचा केसपेपर

चार घरची धुणीभांडी करणाऱ्या एका भगिनीचे उदाहरण घेऊ. नाव सांगण्याचे कारण नाही. वय ४७, उंची पाच फूट, वजन ५२ किलो. कोणीही त्यांना जाड म्हणणार नाही. टाचेची जखम दोन महिने भरत नव्हती म्हणून त्या रुग्णालयात आल्या. जखम साफ करण्यापूर्वी तपासण्या झाल्या, तेव्हा साखर फार वाढलेली निघाली. त्यांचे यजमान चिडून म्हणाले, "घरी असताना काही नव्हते, इथे आल्यावरच हिला शुगर झाली!"

पुढे जखम भरली. त्यानंतर शांतपणे सगळ्या तपासण्या पुन्हा झाल्या, तेव्हाचे आकडे असे होते : कंबरेचा घेर ८८ सेंटिमीटर, रक्तदाब १४६/९२, उपाशीपोटी साखर १३८, ट्रायग्लिसराइड २१० आणि एच.डी.एल. ३६. या पाचपैकी एकही आकडा हद्दीत नव्हता. गेली कित्येक वर्षे या बाई डोके दुखले की मेडिकलमधून गोळी घेत, थकवा आला की गोड चहा घेत आणि कामावर जात. जखम झाली नसती तर पुढली खबर कदाचित हृदयविकाराच्या झटक्यानेच दिली असती.

पाच आकडे

वैद्यकशास्त्रात या एकत्र येणाऱ्या विकारांना 'मेटाबोलिक सिंड्रोम' म्हणतात. मराठीत 'चयापचय विकारसमूह' म्हणता येईल. चयापचय म्हणजे खाल्लेल्या अन्नाचे शरीरात होणारे रूपांतर, साठवण आणि खर्च. १९८८ साली अमेरिकेतील डॉ. जेराल्ड रिव्हन यांनी आपल्या एका गाजलेल्या व्याख्यानात हे विकार एकत्र का येतात याची उकल मांडली आणि त्याला 'सिंड्रोम एक्स' असे नाव दिले. पुढे २००९ साली जगातील प्रमुख मधुमेह व हृदयरोग संघटनांनी मिळून त्याची सर्वमान्य व्याख्या ठरवली. आपल्या लोकांसाठी ती अशी :

१) कंबरेचा घेर : पुरुषांत ९० सेंटिमीटर किंवा अधिक, स्त्रियांत ८० सेंटिमीटर किंवा अधिक. शिंप्याच्या टेपने मोजायचे तर पुरुषांत ३५ इंचांहून थोडे जास्त आणि स्त्रियांत साडेएकतीस इंच.

२) रक्तदाब : वरचा आकडा १३० किंवा अधिक, अथवा खालचा ८५ किंवा अधिक.

३) उपाशीपोटी रक्तातील साखर : १०० किंवा अधिक.

४) ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातील एक प्रकारची चरबी : १५० किंवा अधिक.

५) एच.डी.एल., म्हणजे चांगले कोलेस्टेरॉल : पुरुषांत ४० पेक्षा कमी, स्त्रियांत ५० पेक्षा कमी.

यांपैकी कोणतेही तीन आकडे बिघडलेले असले की हा विकारसमूह आहे असे धरतात. रक्तदाबाच्या वा साखरेच्या गोळ्या चालू असतील, तर आकडा ताब्यात असला तरी तो मुद्दा मोजला जातो. असा विकारसमूह असलेल्या माणसाला पुढील पाच-दहा वर्षांत हृदयरोग व पक्षाघात होण्याचा धोका इतरांच्या सुमारे दुप्पट असतो आणि मधुमेह होण्याचा धोका सुमारे पाचपट. यातील एकेक आकडा थोडासाच वाढलेला असतो म्हणून आपण तो सोडून देतो. पण पाच ठिकाणचे थोडेथोडे कर्ज एकाच घरावर असावे तशी ही गोष्ट आहे. सावकार वेगवेगळे असले तरी जप्ती एकाच दारावर येते.

घेर मोजताना पँटच्या पट्ट्याचे वा परकराच्या नाडीचे माप धरू नये. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, उघड्या त्वचेवर, सहज श्वास सोडून टेप धरावी. पोट आत ओढून आपणच आपल्याला फसवू नये!

पोटातली चरबी करते काय?

दंडावरची किंवा मांडीवरची चरबी तशी शांत असते. पोटाच्या आत, आतड्यांभोवती साठणारी चरबी मात्र स्वस्थ बसत नाही. तिच्यातून सुटणारे स्निग्ध पदार्थ थेट यकृताकडे जातात. यकृत चरबीने भरू लागते आणि रक्तात जास्त साखर व जास्त ट्रायग्लिसराइड सोडू लागते. इन्सुलिन हे संप्रेरक म्हणजे रक्तातील साखरेला पेशींचे दार उघडून देणारी किल्ली. अशा शरीरात किल्ली असते, पण कुलूप गंजलेले असते. मग स्वादुपिंड अधिकाधिक इन्सुलिन तयार करते. वाढलेल्या इन्सुलिनमुळे मूत्रपिंडे मीठ धरून ठेवतात आणि रक्तदाब वाढायला मदत होते. इकडे रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला इजा होत राहते आणि तेथे चरबीचे थर बसतात. शेवटी एके दिवशी त्या थराला चीर पडते, रक्ताची गुठळी होते आणि हृदयाचा रक्तपुरवठा थांबतो. यालाच आपण 'अचानक अटॅक आला' म्हणतो. प्रत्यक्षात त्याची तयारी दहा-पंधरा वर्षे चाललेली असते.

तंबाखू आणि वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एल.डी.एल., हे वरील पाच आकड्यांत नाहीत. म्हणून ते निरुपद्रवी आहेत असे कोणी समजू नये. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या, ५२ देशांतील रुग्णांचा अभ्यास करणाऱ्या 'इंटरहार्ट' संशोधनात हृदयविकाराच्या पहिल्या झटक्यामागची बहुतेक कारणे अवघ्या नऊ गोष्टींत सापडली. धूम्रपान आणि रक्तातील चरबीचे बिघडलेले प्रमाण त्यांत सर्वांत वर होते. भारत आणि शेजारच्या देशांतील लोकांना हा पहिला झटका इतरांपेक्षा काही वर्षे आधीच येतो, हेही याच अभ्यासाने दाखवले. म्हणजे मुलांची शिक्षणे व्हायची असतात, मुलीचे लग्न व्हायचे असते, नेमक्या त्या वयात.

हा श्रीमंतांचा रोग नव्हे

"आपण कष्टाची माणसे, आपल्याला कसली चरबी?" असे आपले बांधव म्हणतात. हा समज महागात पडतो. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी या बाबतीत जगाचे डोळे उघडणारे काम केले आहे. २००४ साली त्यांनी लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांच्याबरोबर स्वतःचाच एक फोटो 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापला. दोघांचे उंचीच्या मानाने वजन अगदी सारखे होते. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के! दिसायला सडपातळ, आतून चरबीदार अशी आपली शरीरयष्टी आहे. वजनकाटा आपल्याला खरे सांगत नाही, ते टेप सांगते.

याची मुळे आईच्या पोटात आहेत. डॉ. याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर माता आणि त्यांची बाळे यांचा अभ्यास केला. इंग्लंडच्या बाळांच्या तुलनेत आपली बाळे वजनाने बरीच कमी भरली. त्यांचे स्नायू कमी होते, पण त्या मानाने अंगावरची चरबी टिकून होती. पोटात उपासमार सोसलेले शरीर मिळेल ते साठवून ठेवायला शिकते. पुढे त्याच शरीराला शहरात बैठे काम, मैदा, साखर आणि तेल मिळाले की तीच सवय घात करते. १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये दुष्काळ पडला होता. त्या काळात आईच्या पोटात असलेल्या मुलांची मोठेपणी तपासणी झाली, तेव्हा त्यांच्यातही साखर पचवण्याची शक्ती कमी झालेली आढळली.

महाराष्ट्रातील १९७२ चा दुष्काळ आपल्या वडीलधाऱ्यांनी पाहिला आहे. खडी फोडणाऱ्या आया, सुकडी, मिलो ज्वारी या गोष्टी अजून घराघरांत सांगितल्या जातात. त्या वेळी आईच्या पोटात असलेली पिढी आज पन्नाशी ओलांडून गेली आहे. आणि आपल्या समाजाच्या वाट्याला तर उपासमार एका वर्षाची नव्हती, पिढ्यान्‌पिढ्यांची होती. पोटभर अन्नाचा हक्क आपण झगडून मिळवला. तो मिळाल्यावर शरीर जुना हिशेब काढत असेल, तर त्याकडे डोळसपणे पाहिले पाहिजे.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे आकडे २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. प्रौढांपैकी ३५.५ टक्के लोकांना उच्च रक्तदाब आहे आणि ३९.५ टक्के लोकांच्या पोटाचा घेर वाढलेला आहे. एवढी मोठी संख्या केवळ बंगल्यांत राहणाऱ्यांची असू शकत नाही.

डिस्चार्ज कार्ड पेटीत ठेवू नका

रुग्णालयाचे काम जीव वाचवण्याचे असते आणि बहुधा ते ते करते. वॉर्डात गर्दी असते, एका खाटेमागे दुसरा रुग्ण वाट पाहत असतो. त्यामुळे घरी जाताना पाच मिनिटे बसून समजावून सांगणारे कोणी भेटेलच असे नाही. महिनाभराच्या गोळ्या संपतात, बरे वाटू लागते आणि गोळ्या बंद होतात. खरा घात इथे होतो. रक्तदाब आणि साखर 'बरे वाटण्यावरून' कळत नाहीत. हृदयात स्टेंट बसवलेल्या माणसाने रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या आपल्या मनाने बंद केल्या, तर त्या स्टेंटमध्येच गुठळी होऊन प्राणावर बेतू शकते. करवंदाचा रस, कारल्याचे पाणी, कुणा बुवाचा अंगारा हे या गोळ्यांना पर्याय नव्हेत.

म्हणून रुग्ण घरी आणताना सोबतच्या माणसाने न लाजता हे विचारावे : यांचे पाचही आकडे किती आहेत? कोणती गोळी किती दिवस घ्यायची? कोणती कधीच बंद करायची नाही? पुन्हा तपासणीला कधी यायचे आणि कोणत्या ओ.पी.डी.त? उत्तरे त्याच कार्डाच्या मागे लिहून घ्यावीत. वाचता न येणाऱ्या आजीसाठी घरातल्या शिकलेल्या मुलीने प्रत्येक पाकिटावर सूर्य आणि चंद्र काढून सकाळ-रात्र दाखवावी.

पैशांचा प्रश्न आहेच. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे आणि तिच्यात अँजिओप्लास्टी व बायपास येतात. काही शस्त्रक्रियांनंतरच्या फेरतपासणीचीही सोय असते. ती रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारावी. पण ही योजना मुख्यतः दाखल झालेल्या रुग्णासाठी आहे. जन्मभराच्या गोळ्यांसाठी प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण वा जिल्हा रुग्णालय गाठावे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी व उपचार निःशुल्क आहेत. विकत घ्यायचेच झाले तर जनऔषधी केंद्रात तीच औषधे कमी किमतीत मिळतात. तीस वर्षांवरील प्रत्येकाची रक्तदाब व साखरेची तपासणी हा सरकारी कार्यक्रमच आहे. आशाताई फॉर्म घेऊन दारात आली तर "आम्हाला काही झाले नाही" म्हणून तिला परत पाठवू नये.

घरातला हिशेब

आता स्वयंपाकघराचा जमाखर्च मांडू. दिवसाला सहा कप चहा, प्रत्येकी दोन चमचे साखर, चमच्यात अंदाजे पाच ग्रॅम. म्हणजे दिवसाला ६० ग्रॅम आणि वर्षाला जवळपास २२ किलो साखर एकट्या माणसाच्या पोटात नुसत्या चहातून जाते! मिठाचे प्रमाण जागतिक आरोग्य संघटनेने माणशी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी सांगितले आहे. चौघांच्या घरात एक किलोचा पुडा किमान ५० दिवस पुरला पाहिजे. शिवाय लोणचे, पापड, फरसाण, सुकट आणि सुके बोंबील यांतले मीठ वेगळेच. हे सगळे सोडा असे कोणी म्हणत नाही. सुकट पाण्यात धुऊन घ्या, रोजच्या ऐवजी आठवड्यातून एकदा करा. भाताचा ढीग अर्धा करून त्या जागी डाळ, उसळ, पालेभाजी घ्या. ज्वारी-बाजरीच्या भाकरीला 'गरिबी'चा शिक्का मारून आपण ती सोडली. ती परत ताटात आणा.

आठवड्याला १५० मिनिटे, म्हणजे पाच दिवस रोज अर्धा तास, झपाझप चालणे पुरुषांइतकेच स्त्रियांनाही हवे. घरकाम हाच व्यायाम असे म्हणून माता-भगिनींची बोळवण करू नये. तंबाखू, बिडी आणि मशेरी पूर्ण बंद. दारूने ट्रायग्लिसराइड आणि रक्तदाब दोन्ही वाढतात. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे आणि पंचशीलातले पाचवे शीलही तेच सांगते.

जेवणातील प्रमाणाविषयी संयुत्त निकायात एक सुंदर प्रसंग आहे. कोसलचा राजा पसेनदी द्रोणभर भात खाऊन, धापा टाकत भगवान बुद्धांकडे आला. भगवंतांनी त्याला रागावले नाही. प्रमाणात खाणाऱ्याचे दुःख कमी होते आणि तो हळूहळू म्हातारा होतो, अशा आशयाची एक गाथा म्हटली. राजाने सुदस्सन नावाच्या तरुणाला ती पाठ करायला लावली आणि रोज जेवायला बसल्यावर म्हणून दाखवण्याचे काम दिले. असे करता करता राजा नाळीभर भातावर आला, अंगाने हलका झाला आणि आनंदाने भगवंतांचे गुण गाऊ लागला. सवय एका दिवसात सुटत नाही आणि रोज आठवण करून देणारा कोणीतरी जवळ लागतो, हे या कथेतले मर्म आजच्या डॉक्टरांनाही पटेल. आपल्या घरातला सुदस्सन कोण, हे प्रत्येक कुटुंबाने ठरवावे.

बाबासाहेबांना जे मिळाले नाही

बाबासाहेबांना मधुमेह होता हे आपण सारे जाणतो. पायांची वेदना, मंदावलेली दृष्टी आणि ढासळलेली प्रकृती सोसत त्यांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' हा ग्रंथ पूर्ण केला. त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी आपल्यावर उपचार करणाऱ्या डॉ. मालवणकर आणि माईसाहेबांविषयी कृतज्ञता व्यक्त केली आहे. ६ डिसेंबर १९५६ ला त्यांचे महापरिनिर्वाण झाले तेव्हा वय होते अवघे ६५. मधुमेहावरची मेटफॉर्मिन ही गोळी युरोपात वापरात आली १९५७ साली. कोलेस्टेरॉल कमी करणारे पहिले स्टॅटिन औषध बाजारात आले १९८७ साली. आज या गोळ्या साध्या सरकारी दवाखान्याच्या खिडकीवर मिळतात. जे औषध बाबासाहेबांना लाभू शकले नाही, ते आपण पेटीत ठेवून विसरतो, याचा विचार व्हायला हवा.

चळवळीतल्या कार्यकर्त्यांनी तर अधिकच. रात्री उशिरापर्यंत बैठका, वडापाव आणि चहावर दिवस, खिशात तंबाखूची पुडी आणि स्वतःच्या तब्येतीकडे पाठ. असे कार्यकर्ते पन्नाशीतच गेले की आपण शोकसभा घेतो, फोटोला हार घालतो. त्यांची पत्नी आणि मुले मात्र उघड्यावर पडतात.

विहारातून सुरुवात

आजारी पडलेल्या, कोणी न विचारणाऱ्या भिक्खूला तथागतांनी आनंदाच्या मदतीने स्वतःच्या हातांनी न्हाऊ घातले आणि रुग्णाची सेवा ही माझीच सेवा आहे असे संघाला सांगितले. त्या वारशाला साजेसे काम आपल्या प्रत्येक विहारात करता येईल. रविवारच्या वंदनेनंतर एक तास, एक टेप, एक रक्तदाबाचे यंत्र आणि एक वही. आपल्या समाजात परिचारिका भगिनी पुष्कळ आहेत. त्या महिन्यातून एकदा सहज वेळ देतील. जयंतीच्या वर्गणीतून डी.जे.च्या एका रात्रीचा खर्च वाचवला, तरी यंत्र विकत घेऊन रक्त तपासणीचे एक शिबिरही होईल. वहीत नाव, पाच आकडे, चालू गोळ्या आणि पुढली तारीख एवढेच लिहावे. ज्यांची तारीख उलटली त्यांच्या घरी महिला मंडळाने जाऊन चौकशी करावी. गरोदर लेकी-सुनांच्या आहाराची चौकशीही त्यातच व्हावी, कारण नातवंडांचे हृदय आजच घडते आहे.

आणि एक गोष्ट घरातल्या लहानथोरांना पाठ असू द्या. छातीत दाब, डाव्या हातात वा जबड्यात कळ, दरदरून घाम, अचानक धाप असे काही झाले तर 'गॅस झाला' म्हणून सोडा पाजत बसू नये. मधुमेही माणसाला आणि स्त्रियांना छातीत न दुखताही झटका येऊ शकतो. ताबडतोब १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि ई.सी.जी. निघेल अशा रुग्णालयात न्यावे. पहिला तास फार मोलाचा असतो.

ज्या भगिनीचा केसपेपर वर वाचला, त्यांच्या विहारातील वहीत आता बत्तीस नावे आहेत. पैकी अकरा जणांना आपला रक्तदाब वाढलेला आहे हे त्या दिवशी पहिल्यांदा समजले. हे अकरा जण रुग्णालयात दाखल होण्यापूर्वी समजले, यातच सारे आले. तुमच्या विहाराची वही येत्या रविवारी उघडा.

जय भीम! नमो बुद्धाय!